रिकामा शो

१

माणसाचं वय ओळखायचं असेल तर त्याला थिएटरचं नाव विचारावं, असं बाबा म्हणायचे. ‘चंद्रिका’ म्हणाला तर तोंडात कवळी असणार. ‘सम्राट’ म्हणाला तर पोट सुटलेलं असणार. आणि ‘स्टार’ म्हणाला तर अजून आईवडिलांच्या जिवावर उड्या मारत असणार.

इमारत मात्र तीच. मालक बदलला की पाटी बदलायची. जुनी अक्षरं उचकटून काढली तरी त्यांच्यामागे, जिथे ऊन पोचलेलं नसे, तिथे भिंतीचा रंग ताजा राहायचा. त्यामुळे ‘स्टार’च्या अक्षरांमधून ‘सम्राट’ डोकवायचं आणि अगदी निरखून पाहिलं तर एका कोपऱ्यात ‘चंद्रिका’तली वेलांटीही दिसायची. आता चौथं नाव यायचं होतं. ते ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं, उद्घाटनाच्या दिवशी दोरी ओढायला.

तिन्ही नावांच्या वेळी पडद्यावर चित्र सोडणारे ऑपरेटर बाबाच होते. मधल्या काळात थिएटर बंद पडलं की ते कुणाचा टेम्पो चालवायचे, कुणाच्या गोदामात राखणीला बसायचे, आणि घरात असे वावरायचे जसं काही त्यांना शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलंय. थिएटर पुन्हा उघडणार असं कानावर आलं की दाढी करून तयार.

“माझी सवत आहे ती,” आई म्हणायची. “फरक एवढाच, की सारखं नाव बदलून येते.”

या वेळी मात्र थिएटर उघडणं इतकं लांबलं होतं की बाबांचे सदरे त्यांच्या खांद्यांवरून घसरायला लागले होते. नव्या मालकांनी नवी मशीन आणली होती, तिला रीळ लागत नव्हतं, आणि खरं म्हणजे ऑपरेटरही फारसा लागत नव्हता. बाबा जाऊन भेटले तेव्हा मालक म्हणाले, “चित्र काय, बटण दाबलं की येतं. आवाजाचं बोला. हॉल जुना आहे, घुमतो. तुम्ही आवाज बसवून दिलात तर तुम्ही राहा. नाही जमलं तर मी कंपनीचा माणूस बोलावतो.”

बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. आईने दोनदा विचारल्यावर म्हणाले, “या वेळी गेलं, तर मी पुन्हा टेम्पोवर नाही बसणार.” मग काय करणार, ते सांगितलं नाही.

२

थिएटर उघडण्याच्या आदल्या दिवशी रिकामा शो लावायची पद्धत होती. दारं बंद, आत कुणी नाही, आणि सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऑपरेटर हॉलमध्ये वेगवेगळ्या जागी बसून ऐकतो, आणि वर केबिनमध्ये कुणीतरी त्याच्या इशाऱ्याप्रमाणे आवाजाचं बटण फिरवतं. पूर्वी त्यासाठी दोन माणसं होती. आता कुणीच नव्हतं, म्हणून बाबांनी आपल्या मुलीला नेलं. ती नववीत होती आणि रविवार होता.

मुलीचा आवाज जन्मापासून बारीक. वर्गात ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरून “मोठ्याने” असा ओरडा व्हायचा आणि मग उरलासुरला आवाजही घशात जायचा. बाबा तिला हळूबाई म्हणत.

“चल हळूबाई,” ते म्हणाले, “जगात हे एकच काम आहे जिथे तुला कुणी मोठ्याने बोल म्हणणार नाही.”

इशारे सोपे होते. तळहात वर, म्हणजे वाढव. तळहात खाली, म्हणजे कमी कर. मूठ, म्हणजे आहे तिथे राहू दे. या थिएटरची केबिन बसकी होती. खुर्चीतून कुणी हात उंच केला तरी तो मशीनच्या झोतात यायचा आणि पडद्याच्या खालच्या कडेला त्याची काळी सावली पडायची. टवाळ पोरं पूर्वी तिथे सशाची आणि कुत्र्याची तोंडं करायची म्हणे. बाबांनी त्याचाच उपयोग करून घेतला होता.

“आणि एक लक्षात ठेव,” जिना चढताना बाबा म्हणाले. “माणसं आवाज पितात. आपण आपल्या घरात राहायला आलो तेव्हा खोली रिकामी होती, तू शिंकलीस तरी घुमायचं. मग गाद्या आल्या, कपडे आले, आणि आवाज बसला. हॉलचं तसंच. रिकाम्या हॉलला बटणावरचे पाच पुरतात. हाउसफुल्ल असेल तर सात. मी न बघता सांगायचो, आज किती गर्दी आहे ते.”

३

खाली हॉलमध्ये उभं राहून बाबांनी आधी एक टाळी वाजवली. ते नेहमी असंच करत. रिकाम्या हॉलमध्ये टाळी मागच्या भिंतीवर आपटून परत येते, आणि ती कशी येते त्यावरून पुढचं ठरतं.

टाळी परत आली नाही.

मुलगी केबिनच्या छोट्या खिडकीतून बघत होती. बाबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि पुन्हा टाळी वाजवली, जोरात. उशीवर थाप मारल्यासारखा आवाज झाला आणि तिथेच संपला.

“नव्या गाद्या आहेत ना,” ते वर मान करून म्हणाले. त्यांचं बोलणंही तिला लांबून, रजईआडून आल्यासारखं ऐकू आलं. “खाली गालिचाही नवा आहे. लाव.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं, त्यात दोन बहिणी बोलत होत्या. बाबा मधल्या रांगेत जाऊन बसले. थोड्याच वेळात पडद्याच्या कडेला त्यांचा हात उगवला, तळहात वर. तिने पाचाचे सहा केले. हात तसाच. तिने सात केले. मग हात खाली गेला, पण मूठ झाली नाही.

बाबा वर आले ते कपाळाला आठ्या घालून. “सातवर? सात तर मी सणासुदीच्या गर्दीला ठेवायचो.” ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. “आत पहिल्या दिवसाचा पहिला शो असल्यासारखं वाटतंय.”

“गाद्यांमुळे?” तिने विचारलं.

“गाद्याच. दुसरं काय असणार?”

तिलाही ते पटलं. गालिचा जाड होता, तिने स्वतः त्यावरून चालून बघितलं होतं. शाळेत विज्ञानाच्या तासाला मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात असं शिकवलंही होतं. फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. बाबा आठवडाभर इथे येत होते. गालिचा आणि गाद्या तेव्हाही होत्या.

४

दुपारी बाबा पडद्यामागे जाऊन स्पीकर तपासत होते. मुलगी डबा घेऊन बाहेरच्या दालनात आली. तिथे डोअरकीपर काका दाराच्या काचा पुसत होते. बाबांच्याही आधीपासूनचे हे एकटेच. नव्या मालकांनी त्यांना नवा गणवेश दिला होता, पण टोपी अजून आली नव्हती. जुन्या टोपीवर ‘सम्राट’ असं पितळी अक्षरांत होतं.

“‘स्टार’ची टोपी नव्हती का?” तिने विचारलं.

“होती की. ती बायकोने कांदे ठेवायला घेतली.” काकांनी काचेवर हाः करून फडकं फिरवलं. “बसला का आवाज तुझ्या बापाचा?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“बसेल. इथे कोण काय नीट बसतंय? या खुर्च्या बघ. उठलं की आपोआप मिटतात म्हणे, आत स्प्रिंग आहे. रोज संध्याकाळी बघून जातो, सगळ्या मिटलेल्या. सकाळी येतो तर मधल्या रांगा उघड्या. एक-एक दाबून मिटवली तर पाठ फिरवेपर्यंत पुन्हा खाली. सुताराला म्हटलं, अरे खुर्च्या केल्यास की सासुरवाशिणी? जरा बसायला मिळालं की उठायचं नाव नाही.”

ती हसली. मग तिने घास हातात धरून विचारलं, “काका, आधी बंद झालं तेव्हा शेवटचा सिनेमा कुठला होता?”

“कोण जाणे. शेवटचा शो आहे असं कुणी सांगतं का? दर वेळी तसंच झालं. शो चालू असताना मालकाचा निरोप यायचा, की बंद करा. दिवे लावायचे, आणि लोकांना सांगायचं, मशीन बिघडलंय, तिकीट जपून ठेवा, उद्या बघायला या.” काकांनी फडकं पिळलं. “बिचारे चालायला लागायचे. कुरकूर करायचे, पण तिकीट खिशात नीट ठेवायचे.”

तेवढ्यात बाबा आले. फोन कानालाच होता. “हो साहेब. बसतोय. नाही, घुमत अजिबात नाही. उलट... हो. या ना साहेब. संध्याकाळी या.” फोन ठेवून ते तिथेच पायरीवर टेकले. डबा पुढे केला तरी त्यांनी नुसताच हात लावला.

“स्पीकर ठीक आहेत,” ते तिला म्हणाले. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी तिच्यासारखं, बारीक आवाजात. “सगळं ठीक आहे. मग का बसत नाही गं?”

तिने डबा त्यांच्यापुढे आणखी सरकवला.

५

जेवणानंतर त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

केबिनला दोन खिडक्या होत्या. एक हॉलमध्ये उघडायची, दुसरी रस्त्यावर. रस्त्याकडच्या खिडकीतून डोअरकीपर काका दिसत होते. फाटकाशी उन्हात स्टूल टाकून ते टोपीची अक्षरं घासत होते. फाटकाला आतून कडी होती.

पडद्यावर त्याच दोन बहिणी. बाबा मधल्या रांगेत. हात वर. तिने सात केले. हात वर. आठ. केबिनच्या भिंती थरथरायला लागल्या होत्या, पण हॉलकडे कान केला तर तिथे बहिणी आपापसात कुजबुजल्यासारख्या बोलत होत्या.

मग बाबांच्या हाताच्या बाजूला दुसरा हात आला.

बाबांनीच दोन्ही हात वर केले, असं तिला वाटलं. पण दोन्ही उजवे होते. मग वाटलं, काका आत गेले असतील. तिने मागे वळून पाहिलं. काका उन्हात होते, टोपीवर थुंकी लावून घासत होते. तिने पुन्हा हॉलकडे पाहिलं तेव्हा हात तीन झाले होते. तिसऱ्याची बोटं जाड होती. मग पडद्याच्या पार डाव्या टोकाला एक उगवला, बांगड्या घातलेला. मग एक लहान, बहुतेक कुणाच्यातरी मांडीवर उभं राहून वर केलेला.

मशीनची काच खराब असेल. धूळ असेल. एकाच हाताच्या चार सावल्या पडत असतील. ती स्वतःला हे समजावत असतानाच पडद्याची खालची कड हातांनी भरत चालली. बहिणींचं स्वयंपाकघर कमरेपर्यंत बुडालं. सगळे तळहात वर होते. कुणी घाई करत नव्हतं. बसमध्ये मागचे लोक पुढच्यांना “जरा सरका” म्हणतात, तितक्या साध्या सुरात ते मागत होते.

तिने नऊ केले. सांगितलेलं करायची तिला सवय होती.

६

ती जिना उतरून हॉलच्या दारात आली. दार ढकललं तर आतली हवा उबदार होती. तेल लावलेल्या केसांचा, ओलसर कपड्यांचा, घामाचा वास येत होता. थिएटरला असा वास असतोच, पण हे सगळं नवं होतं. सकाळी इथे फक्त रंगाचा आणि गोंदाचा वास होता.

“बाबा,” तिने हाक मारली.

हाक तोंडातून निघाली आणि ओठांपाशीच विझली. तिने आयुष्यात पहिल्यांदा सगळा जीव गोळा करून आरोळी ठोकली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, पण तिला स्वतःलाच ती ऐकू आली नाही.

मधल्या रांगेत शिरून ती आडवी-आडवी सरकत गेली. अंधारात कुणाला धक्का लागू नये म्हणून सिनेमाला आपण चालतो, तशी. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला जागा करून दिली जातेय. प्रत्येक खुर्चीपाशी काहीतरी किंचित बाजूला होत होतं. खाली बघायचं नाही, असं ठरवून तिने नजर बाबांच्या डोक्यावर खिळवली.

बाबा चपला काढून, पाय अंगाशी घेऊन बसले होते. पडद्याचा उजेड तोंडावर होता. इतके सुखी ते तिला कधी दिसले नव्हते. लग्नाच्या फोटोतही नाही.

“बाबा, चला ना,” तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं.

“आलीस? अगं ऐकू येत नाहीये नीट. मागच्यांना तर काहीच येत नाहीये.”

“मागच्यांना कुणाला?”

“शू. लोक बघतायत.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हाउसफुल्ल आहे गं हळूबाई. मालकांना सांग, आवाज बसला. जा, वाढव थोडा.”

तिने त्यांचा दंड धरून ओढला. गाढ झोपलेला माणूस जड होतो, तसे ते जड झाले होते. ती रडली, ओढत राहिली, सदऱ्याची शिवण उसवली. बाबा मान थोडी बाजूला करून तिच्या खांद्यावरून पडदा बघत राहिले.

७

तिला एकच गोष्ट सुचली. ऐकायलाच काही राहिलं नाही, तर कोण बसेल?

केबिनमध्ये येऊन तिने बटण उलटं फिरवलं. नऊवरून सरळ शून्यावर.

बहिणींचे ओठ हलत राहिले. बाकी सगळं थांबलं. हात थोडा वेळ वरच होते, मग एकेक करून खाली गेले.

आणि मागच्या बाजूने आवाज आला. थप्. एक खुर्ची मिटली. थप्, थप्. मागची रांग मिटली, मग तिच्यापुढची. ढकलाढकल नव्हती, गोंधळ नव्हता. बाजूच्या दाराचा जाड पडदा पोटासारखा फुगला आणि तसाच फुगलेला राहिला, शो सुटल्यावर माणसं जात राहतात तेव्हा राहतो तसा. थप्, थप्, थप्. ती मोकळा श्वास घेत होती, हसतही होती बहुतेक. जा, ती मनात म्हणत होती, जा सगळे.

मधली रांग आली.

बाबा उभे राहिले. दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून पाठ वाकवून, आपल्या पाळीची वाट बघून ते इतरांसारखे हळूहळू बाजूच्या दाराकडे सरकले. त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशावर हात दाबून ठेवला होता. पडदा त्यांच्यावरून मिटला.

थप्.

ती कशी खाली पोचली ते तिला कळलं नाही. बाजूच्या दाराचा पडदा तिने ओढून बाजूला केला. दाराला आतून अडसर होता, वर कुलूप, आणि दाराच्या फटीत ताजा रंग सुकून बसलेला. हे दार रंगवल्यापासून उघडलंच नव्हतं.

८

तिने फाटकाशी धावत जाऊन काकांना हाताला धरून आत आणलं. काकांनी सगळे दिवे लावले. खुर्च्या ओळीने मिटलेल्या होत्या, एकही उघडी नाही. मधल्या रांगेत बाबांच्या चपला होत्या, दोन्ही पुढे तोंड करून.

“बाहेर गेला असेल,” काका म्हणाले. “पण माझ्यासमोरून तर मांजरही गेलं नाही.” मग तोंडाशी हात नेऊन त्यांनी जोरात हाक मारली, “अहो ऑपरेटर!”

ऑपरेटर, ऑपरेटर, अशी हाक मागच्या भिंतीवर आपटून लख्ख परत आली. हॉल घुमला. रिकामा हॉल जसा घुमायला हवा, अगदी तसा.

ते ऐकून काकांनी टोपी काढली, आणि काढली हे लक्षात आल्यावर घाईने परत घातली. “तू इथेच थांब बाळा. मी मागच्या गल्लीत बघून येतो. तुझ्या आईलाही फोन करतो.” ते बाहेर गेले. गल्लीत त्यांनी मारलेल्या हाका तिला बराच वेळ ऐकू येत होत्या.

ती मिटलेल्या खुर्च्यांमध्ये उभी होती. प्रेक्षकांना आपणच घरी पाठवलं, हे तिला कळत होतं. त्यांचं घर कुठे आहे ते मात्र तिला माहीत नव्हतं, आणि ते विचारावं असं तिथे कुणी उरलं नव्हतं.

ती वर गेली. सिनेमा पहिल्यापासून लावला. दिवे घालवले. आवाज पाचवर.

स्वयंपाकघर आलं. बहिणींचे आवाज भिंतींवर आदळून एकमेकांत मिसळले, कानठळ्या बसतील इतके घुमले. खाली कुणीही नव्हतं. “या ना,” ती काचेला कपाळ टेकून पुटपुटली. “या. मशीन सुरू झालंय. तिकीट चालेल.”

खाली रस्त्यावर मालकांची गाडी थांबली. काका काहीतरी सांगत होते, मालक काहीतरी विचारत होते, आणि त्यांच्यामागे आई धावत येत होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मुलीने ते सगळं पाहिलं आणि केबिनच्या दाराला कडी घातली.

हळूहळू घुमणं कमी व्हायला लागलं. एक बहीण दुसरीला काहीतरी म्हणाली आणि ते शब्द नीट, सुटे ऐकू आले. पुढचं वाक्य आणखी मऊ. मग थोडं दूर. पडद्याच्या कडेला एक हात आला.

तिने सहा केले. आणखी हात आले. जाड बोटांचा. बांगड्यांचा. लहान. तिने सात केले, आठ केले. ती प्रत्येक हात निरखत होती. बाबांचा हात ती कुठेही ओळखेल अशी तिची खात्री होती. त्याच हाताने त्यांनी तिला सायकल शिकवली होती. पण सावलीला ना रंग असतो ना रेषा, आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळेच तळहात वर होते.

दारावर थापा पडत होत्या. आई तिला तिच्या खऱ्या नावाने हाका मारत होती, आणि ते नाव रजईआडून आल्यासारखं येत होतं.

तिने नऊ केले. दहा केले. त्याच्यापुढे बटण फिरत नव्हतं. तरी ती दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत, ते फिरवत राहिली. खाली हात तसेच वर होते.